डाव्या मडगार्डचा हिरवा

१

शुक्रवारी दुपारी नमाज पढून गॅरेजवर परत आलो, तर वाघिणीचा डावा मडगार्ड जागेवर नव्हता.

वाघीण म्हणजे गाडी. एकोणीसशे अडुसष्ट सालची, अमेरिकेत बनलेली, दोन दारांची, आठ सिलिंडरची. दिल्लीत वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा सोलापूरच्या राजशेखर मालकांनी ती घेतली आणि चालवत इथवर आणली. चादरीचे कारखानदार होते मालक. गाडी सुरू झाली की अख्ख्या होटगी रस्त्याला कळायचं. शाळेतली पोरं अभ्यास टाकून खिडकीत यायची. त्यांत मीही होतो.

मालक जाऊन तेरा वर्षं झाली. त्यांची नात आरोही हिनं गाडी माझ्याकडे दिली. म्हणाली, "हाशमभाई, कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती, तशी करा."

लोकांना वाटतं, जुनी गाडी नवी करायची म्हणजे चकाचक करायची. तसं नसतं. कंपनीतल्या माणसानं घाईत रंगाची गन फिरवली असेल, आतल्या कोपऱ्यात रंग कमी पडून खालचं प्रायमर दिसत असेल, तर तो तसाच दिसला पाहिजे. कुठं थेंब ओघळला असेल, तर तसाच ओघळ आणायचा. तपासनिसानं खडूनं खूण केली असेल, तर तीही तिथंच, त्याच रंगात. चुकासुद्धा अस्सल पाहिजेत.

त्यासाठी नमुना लागतो. बाकी सगळा पत्रा गंजानं खाल्ला होता, तो मी खरवडून उघडा केला होता. रंगाचा नंबर कोरलेली कंपनीची पाटीही गंजून गेलेली. एक डावा मडगार्डच काय तो शाबूत. गर्द हिरवा, संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा, आतल्या बाजूला पिवळ्या खडूची खूण. सगळी गाडी मी त्याच्याकडे बघून रंगवणार होतो.

आणि तोच गेला होता. क्रोमचा बंपर, कार्बोरेटर, स्टिअरिंग, ज्याला मुंबईत गिऱ्हाईक मिळेल ते सगळं जागच्या जागी. मडगार्डचे आठही बोल्ट वायसरसकट स्टीलच्या वाटीत नीट ठेवलेले. आदल्या दिवशी मीच ते पान्यानं सैल करून हातानं बसवून ठेवले होते, शनिवारी मडगार्ड उतरवायचा म्हणून.

मी आरोहीला फोन लावला. ती म्हणाली, "कुणी नेला ते मला माहीत आहे."

२

अर्ध्या तासात ती आली.

"भीमाकाका," ती म्हणाली. "काल तुमच्यासमोरच नाही का हात जोडत होता?"

ते खरं होतं. भीमाकाका म्हणजे मालकांचा ड्रायव्हर. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा, आरोहीच्या बंगल्यामागच्या खोलीत राहतो. गुरुवारी पुण्याहून अभिमन्यू साहेब गाडी बघायला आले होते. जुन्या गाड्यांच्या रंगाचे ते मोठे जाणकार, पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाचे परीक्षकही. त्यांनी भिंग लावून मडगार्ड बघितला आणि म्हणाले, "हा उतरवून आतून-बाहेरून फोटो काढा. एकेक थर मोजून लिहून ठेवा." ते ऐकून भीमाकाका कोपऱ्यातून पुढं आला. "हाशमभाई, त्येवढा एक सोडा की. बाकी कायबी करा, त्येला हात लावू नगा," म्हणाला. का, ते काही सांगेना.

शेजारचा टायरवाला म्हणाला, दीडच्या सुमाराला मालवाहू रिक्षात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जाताना त्यानं बघितलं. सोबत कोण होतं ते दिसलं नाही.

"आजी किती वाजेपर्यंत होती इथं?" आरोहीनं विचारलं.

तिची आजी, गुरम्मा अम्मा, दर शुक्रवारी गाडी बघायला यायची. एकोणऐंशी वर्षांची, चणीनं इतकी लहान की बॉनेटमध्ये डोकावायला मी तिला स्टूल द्यायचो. मी नमाजला निघालो की ती गॅरेजात बसायची.

"फोनवर म्हणाल्या, एक वाजता कडी लावून निघाल्या," मी म्हणालो.

"म्हणजे त्यानंतर. काकाला सगळं ठाऊक होतं: तुम्ही कधी नसता, कडी कशी निघते. त्याच्या मांडीवर मोठी झाले मी. पण विचारलं तर नुसता खाली बघतो. सोमवारी मी पोलिसात देणार."

मला ते पटत नव्हतं. पण दुसरं सुचतही नव्हतं. तेवढ्यात दारातून हाक आली.

"हाशम, तू मला दोन टवके दिलतास न्हाय का? ते दोन येगयेगळ्या गाड्यांचे हायत काय रे?"

३

वच्छलामावशी आत आली. पायात स्लीपर, खांद्याला कापडी पिशवी. अडतीस वर्षं तिनं मालकांच्याच चादरीच्या कारखान्याच्या रंगखात्यात शेड जुळवल्या. परदेशातून सुताचा एवढासा धागा यायचा, तो बघून ती सांगायची, निळ्यात किती काळा, किती लाल. मशीन आलं तरी शेवटची खात्री तिच्या डोळ्यांनीच व्हायची. म्हणून मी तिला रंगाचे दोन टवके दिले होते. एक मडगार्डच्या आतल्या कडेचा, दुसरा डिकीच्या रबराखाली वाचलेला.

"एकाच गाडीचे, मावशी. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात लागलेला रंग."

"मग हिकडं ये."

तिनं दोन्ही टवके पांढऱ्या कागदावर ठेवून ट्यूबखाली धरले. तसूभर फरक नव्हता. मग ती मला बाहेर उन्हात घेऊन गेली. मी बघतच राहिलो. डिकीचा टवका पिवळसर हिरवा झाला आणि मडगार्डचा निळ्याकडं झुकला.

"सावलीत जुळत्यात, उन्हात फुटत्यात," मावशी म्हणाली. "ह्ये कवा हुतं? रंग दिसायला एक, पर आतला मसाला येगळा असला की. आमच्यात नवा कारागीर ट्यूबखाली शेड लावायचा आन् गिऱ्हाईक उन्हात चादर झटकून परत पाठवायचं. तुजा मडगार्ड त्या कारखान्यात रंगलेला न्हाय."

मी हसलो. मग मडगार्ड गेल्याचं तिला सांगितलं आणि माझं हसू मावळलं.

लगेच अभिमन्यू साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते सकाळच्याच गाडीनं पुण्याला गेले होते, आरोहीनंच त्यांना स्टेशनवर सोडलं होतं. गुरुवारी त्यांनी मडगार्ड विकतही मागितला होता, म्हणून संशय त्यांच्यावरही जाऊ शकत होता, पण दीड वाजता ते सोलापुरात नव्हते.

"कारखान्याचाच आहे तो," ते ठामपणे म्हणाले. "असा दाणा इकडच्या पेंटरला जमत नाही. शिवाय तपासनिसाची खूण आहे आत. उजव्याच्या फोटोत आहे तशीच."

"तशीच म्हंजे?" मावशीनं मला विचारलं. "दोन्हीचा फोटू हाय?"

उजवा खरवडण्याआधीच मी फोटो घेऊन ठेवले होते. मोबाइलवर दोन्ही दाखवले. पिवळा खडू, एक इंग्रजी अक्षर, पुढं दोन आकडे. मावशीनं आधी उजव्याचा फोटो बघितला, मग डाव्याचा.

"ह्ये अक्षर कंचं?"

"आर," मी म्हणालो. आणि डाव्याचा फोटो पुन्हा मोठा करून बघितला.

आर म्हणजे राइट. उजवा. डाव्या मडगार्डवर उजव्याची खूण.

४

ज्याला इंग्रजी येत नाही, पण हात देवाचा आहे, अशा कुणीतरी उजव्यावरची खूण रेघन् रेघ उतरवून काढली होती. मडगार्ड नकली होता. मी, तीस वर्षं गाड्या रंगवणारा, त्याला नमुना मानून बसलो होतो.

"म्हंजे गाडी ठोकलेली," मावशी म्हणाली. "आन् ज्येनं मडगार्ड न्येला, त्येला ठावं हाय. थर मोजले तर समदं बाहेर आलं असतं."

ती गाडीभोवती फिरली. सुट्या भागांच्या पेटीतून तिनं डाव्या हेडलाइटची रिंग उचलली. पिवळी पडलेली, कडेला कानस मारलेली.

"ही देशी हाय."

"तिची गोष्ट आहे," आरोही म्हणाली. "आजोबा नेहमी सांगायचे. गाडी धुवायला सिद्धाराम नावाचा मुलगा होता. आजोबा पंधरा दिवस मुंबईला गेले, तेव्हा त्यानं अस्सल रिंग काढून विकली आणि ट्रकची बसवली. आजोबांनी त्याला सगळ्या कामगारांसमोर चोर म्हणून हाकलला. एकोणऐंशी साल असेल."

भीमाकाकाला आरोहीनं बोलावून घेतलं होतं. तो दारात उभा होता. सिद्धारामचं नाव निघालं आणि तो पाठ फिरवून निघायला लागला.

"रिंग चोरली न्हाय, फुटली, व्हय ना रं भीमा?" मावशीनं हळूच विचारलं.

"मला इचारू नगा, बाई."

"गाडी तुज्या हातनं ठोकली?"

त्यानं वर बघितलं. डोळे भरले होते. "व्हय. माज्याच हातनं. मडगार्डबी मीच न्येला. लिवून घ्या. पोलिसाला बोलवा."

आरोहीनं सुस्कारा सोडला. पण मावशीनं मान हलवली. ती ड्रायव्हरच्या बाजूला वाकून खाली बघत होती.

"हाशम, क्लचच्या पायट्याला ही दोन भोकं कशाची?"

मला महिनाभर तेच कोडं पडलं होतं. कंपनीच्या नकाशात ती भोकं नाहीत. हातानं पाडलेली, बोल्ट जाईल एवढी. ब्रेकलाही तशीच दोन.

"पायट्यावर लाकडाचा ठोकळा बसवल्याला," मावशी म्हणाली. "पाय पोचत न्हाय त्या माणसासाठी. मालक सहा फूट. ह्यो भीमा, हुबा ऱ्हायला तर चौकटीला डोकं लागतंय." ती माझ्याकडं वळली. "हाशम, तुज्या गॅरेजात स्टूल कुणासाठी ठेवलायस?"

५

संध्याकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. गुरम्मा अम्मा ओसरीवर भाजी निवडत बसली होती. आम्हा चौघांना एकदम बघून तिच्या हातातली जुडी थांबली.

मावशी तिच्यासमोर खालीच बसली. "अक्का, तुमी मला वळखत न्हाय. मालकांच्या कारखान्याला मी शेड जुळवून देत हुते. येक इचारू? आज कडी लावून निघालात, का मडगार्ड घिऊन निघालात?"

"आजी?" आरोही म्हणाली. "मावशी, काहीतरी काय बोलता! आजीला पाना धरता येतो का?"

"पाना लागलाच न्हाय. बोल्ट सैल हुते. दर शुक्रवारी बसून बघत्यात त्या, कुटला कुटं हाय. येकेक हातानं फिरवून काडला आन् वाटीत ठिवला. चोर वाटीत ठिवत न्हाय. घरची बाई ठिवती. रिक्षावाल्यानं उचलून दिला आसंल."

अम्मा शेवग्याच्या पानाचे देठ खुडत राहिली.

"दुसरं," मावशी म्हणाली. "भीमा म्हणतोय त्यानंच गाडी ठोकली, त्यानंच मडगार्ड न्येला. सोमवारी पोलीस येतील आन् घिऊन जातील त्येला. मागं येकदा येक पोरगं तुमच्या दारातनं चोर म्हणून गेलं. आता ह्ये म्हातारं जाईल. तवा गप ऱ्हायलात. आता बी गप ऱ्हाणार?"

"बाई, पुरं करा," भीमाकाका ओरडला. "अक्कांना बोलू नगा!"

"तू बस, भीमा," अम्मा म्हणाली. आवाज शांत होता. "पंचेचाळीस वर्षं बसवलं तुला. आणखी किती?"

तिनं भाजी बाजूला सारली.

"मलाच शिकायची होती गाडी. मालक हसले असते. बायकांनी आणि ती गाडी! ते मुंबईला गेले की मी भीमाला म्हणायची, चल. चिंचोळीकडं तेव्हा कारखाने नव्हते, नुसता माळ. त्यानं ठोकळे करून दिले पायाला. अय्यो, काय सांगू आरोही, तिसऱ्या दिवशी मी तिला एकटी पळवली. पदर उडत होता. मागं धुरळा, पुढं कुणी नाही. तसं पुन्हा कधी वाटलं नाही मला. लग्नात नाही, तुझा बाप झाला तेव्हासुद्धा नाही."

ती हसली आणि लगेच तोंड मिटलं.

"मग शेरडू आडवं आलं. ते वाचवायला गेले आणि बाभळीवर घातली. डावा मडगार्ड पार चेपला, दिवा फुटला. मालक यायला नऊ दिवस होते." तिनं माझ्याकडं बघितलं. "हाशम, तुझ्या वडिलांकडं गेलो आम्ही."

माझे अब्बा, दस्तगीर पेंटर. शाळा उर्दूची, तीही चौथीपर्यंत.

"त्यांनी सबंध मडगार्ड हातानं ठोकून काढला. ड्रमच्या पत्र्याचा. रंगाला तीन रात्री जागले. उजव्यासमोर बसायचे नुसते, तासन् तास. आठव्या दिवशी गाडी आणून उभी केली, तर भीमालासुद्धा कळेना कुठला नवा. फक्त रिंग जमली नाही. ती पिवळी पडली आणि मालकांनी सिद्धारामला धरलं." तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकत होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. भीमा बोलायला निघाला, तर त्याला शपथ घातली."

"आजोबा तर गेले, आजी. मग आता कशाला नेलास?"

"तुझ्यासाठी," अम्मा म्हणाली. "तू मला चांगली समजतेस."

६

मडगार्ड तिच्या पलंगाखाली होता, दोन जाड चादरींत गुंडाळलेला. ओरखडासुद्धा नव्हता. मी तो अंगणात आणला आणि उलटा करून बसलो. आता खरं कळल्यावर बघितलं, तर सगळं दिसलं. कडेच्या घडीला हातोडीचे ठसे, ओळीनं, एकसारख्या अंतरावर. कंपनीच्या माणसानं उजव्याच्या आतल्या कोपऱ्यात घाईनं सोडलेलं प्रायमर इथं अब्बांनी मुद्दाम, सावकाश, तसंच सोडलं होतं. ते मोजकंच बोलायचे. असं काही केलंय हे मरेपर्यंत सांगितलं नाही. मी धंदा शिकत होतो तेव्हा त्यांच्या कामाला "गावठी" म्हणायचो, हे मला आठवलं, आणि मी त्या ठशांवरून एकेक करून बोट फिरवलं.

आरोहीनं अभिमन्यू साहेबांना स्वतः सांगितलं. ते आधी मानेनात. मग म्हणाले, "प्रदर्शनात याचे गुण कापावे लागतील. डावा मडगार्ड कारखान्याचा नाही." आरोही म्हणाली, "कापा. पण कागदावर नाव लिहा. दस्तगीर पेंटर, सोलापूर." बाकीची गाडी मी डिकीच्या टवक्यावरून रंगवली, खऱ्या हिरव्यात. उन्हात डावा मडगार्ड वेगळा दिसतो. दिसू दे.

पण त्याआधी, त्याच रविवारी, अम्मा म्हणाली, "सिद्धाराम कुठं असतो?"

भीमाकाकाला माहीत होतं. केम गावात, स्टेशनबाहेर सायकलचं दुकान. आम्ही आरोहीच्या गाडीनं गेलो.

सिद्धाराम पासष्टीचा, डोक्यावर केस नाहीत, हात ग्रीसनं काळे. त्यानं भीमाकाकाला ओळखलं, मग अम्माला. उठला नाही. अम्मा उभ्यानंच बोलली. गाडी मी ठोकली, रिंग माझ्यामुळं फुटली, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तो चाकाच्या तारा आवळत राहिला. तिचं बोलणं संपलं तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला.

"अक्का, मी चोरली न्हाय ह्ये मला ठावंच हुतं की," तो म्हणाला. "मला काय नवं सांगितलंसा?"

अम्मा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पुढं आली.

"माजा बा मरायला टेकला, तवा बी त्यानं माज्या हातचं पानी घेतलं न्हाय. चोराचं पानी नगं म्हणला. त्येला सांगायचं हुतं. तो गेला."

"मी काय करू?" अम्मा म्हणाली. "तू सांग, सिद्धाराम. सांगशील ते करते."

त्यानं फडक्याला हात पुसले. रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर पाच-सहा माणसं बसली होती. मधे एक फेटेवाला म्हातारा, काठीवर हनुवटी टेकलेला.

"तितं माजा चुलता हाय. नव्वदीचा हाय. बाच्या मागं, मी चोर म्हणून गावात सगळ्यांस्नी सांगत फिरला त्योच. त्येला सांगा. कानानं अधू हाय, मोठ्यानं सांगायला लागंल."

मी हात पुढं केला. अम्मानं तो धरला नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि एकटीच रस्ता ओलांडला. टपरीवरची माणसं बोलायची थांबली. म्हाताऱ्यापुढं उभं राहून ती म्हणाली, "मी सोलापूरच्या राजशेखर मालकांची बायको, गुरम्मा. सिद्धारामनं चोरी केली नव्हती."

म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "काय?"

स्टेशनातून उतरलेले लोक थांबून बघायला लागले होते. सिद्धाराम दुकानाच्या उंबऱ्यात उभा होता. अम्मा म्हाताऱ्याच्या कानाशी वाकली नाही. जागच्या जागी ताठ उभी राहिली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.